तालदिकच्या त्याच वळणावर

अकराव्या दिवशी किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, गॅरेजमध्ये माझ्या बाईकचा क्लच लिव्हर दाबला आणि बोटांना जो नीट ताण लागला, त्याने मला भरून आलं. केबल तीच, लिव्हर तोच. आत क्लचच्या प्लेटा नव्या होत्या, ज्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की इंजिनची ताकद चाकाकडे जाते.

2019 चा जुलै. ओशहून पामीर हायवेने ताजिकिस्तानातलं मुरगाब आणि पुढे खोरोग असा बेत होता. पहिल्याच दिवशी 3615 मीटर उंचीच्या तालदिक खिंडीच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली. रेस वाढायची, वेग नाही. मग जळका वास आला, आणि एका वळणावर पहिल्या गिअरलाही गाडी जागची हलेना. उतारावरून मागे घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाखाली एक दगड सरकवला आणि बसून राहिले. दोन तासांनी एका ट्रकवाल्याने गाडी वर चढवून घेतली. ओशपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, पण दोनदा थांबून गाडीचे दोर आवळले.

मेकॅनिककाकांनी इंजिनची बाजू उघडून एक प्लेट माझ्या हातावर ठेवली. जिथे खरखरीत असायला हवी तिथे ती काचेसारखी गुळगुळीत, काळी. स्टीलच्या प्लेटांवर तापून निळे डाग पडलेले. मग त्यांनी ऑइल बोटांवर चोळून पाहिलं आणि मान हलवली. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लच चालतो तोच घर्षणावर. म्हणून बाईकच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही, असा क्लच घसरणार नाही हे सांगणारी खूण बघून घ्यायची. हे मला माहीत होतं. तरी आधीच्या एका मुक्कामात ऑइल बदलून घेताना मी डबा पाहिला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

प्लेटा कुरियरने राजधानी बिश्केकला आल्या, तिथून शेअर टॅक्सीने ओशला. नव्या प्लेटा कोरड्या बसवत नाहीत. त्या रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. इंजिनात थोडं नवं ऑइल घालून पाच मिनिटं चालवलं, तेही काढून टाकलं आणि मग खरं ऑइल भरलं. लिव्हरला किंचित ढील ठेवली, कारण केबल ताणलेली राहिली तर क्लच पूर्ण बसत नाही आणि पुन्हा तीच रड. काकांचं रशियन आणि माझं हातवारे यांतून मी एक शब्द कायमचा शिकले: स्त्सेप्लेनिये, म्हणजे क्लच.

बाराव्या दिवशी निघाले. वाटेतल्या गुलचा गावापर्यंतचं मला काही सांगता येणार नाही, मी फक्त इंजिन ऐकत होते. दर दहा किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावर थ्रॉटल पूर्ण उघडायचा. रेस आणि वेग बरोबरीने वाढले तर क्लच धरतोय. धरत होता. तरी पुढच्या दहा किलोमीटरला पुन्हा तेच.

तालदिकला तो दगड तिथेच होता. पांढरी रेघ असलेला, एका बाजूला माझ्या टायरची काळी खूण. न थांबता गेले असते, तर पुढच्या प्रत्येक चढावर हे वळण माझ्यासोबत आलं असतं. म्हणून तिथेच, भर चढावर, गाडी थांबवली. पहिला गिअर, थोडा थ्रॉटल, लिव्हर हळूहळू सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि निघाली. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ओरडले.

खिंडीपलीकडच्या सारी-ताश गावात संध्याकाळी ढग वर गेले आणि समोर 7134 मीटरचं लेनिन शिखर उभं राहिलं. मी गाडीपाशी जमिनीवर बसून ते अंधार पडेपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सीमेवरची किझिल-आर्त खिंड, 4280 मीटर. किर्गिझ आणि ताजिक सीमाचौक्यांमधल्या सुमारे 20 किलोमीटरच्या पट्ट्यात आदल्या रात्रीच्या पावसाने लाल मातीचा चिखल झाला होता. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो. गाडीला दम नाही, मलाही नाही. दोन्ही पाय खाली टेकवत, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरत वर चढले. क्लचचे खरे हाल इथेच होतात. चौकीवर गाडीचे कागद आणि गोर्नो-बदख्शान या ताजिकिस्तानच्या पामीरमधल्या प्रांताचा परवाना दाखवला, शिक्का घेतला, निघाले.

एका चढाच्या टोकावर काराकुल सरोवर दिसलं. आकाशाहून गडद निळं, काठाला एक झाड नाही. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि वाऱ्याचा आवाज ऐकताना लक्षात आलं की सारी-ताश सोडल्यापासून चौथ्या गिअरची तपासणी मी एकदाही केलेली नाही.