विकनेस आलाय जरा

व्हायरल जाऊन आठ दिवस झाले तरी जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागत होतं, म्हणून आत्याला फोनवर सहज बोलले की विकनेस आलाय गं जरा. झालं! "एक सलाईन लावून घे, टवटवीत होशील." आमच्याकडे विकनेस म्हटलं की पुढे सलाईन येतंच. आता सलाईन म्हणून लावतात त्या अर्ध्या लिटरच्या 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच छोटे चमचे, बाकी सगळं पाणी. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं, ते वेगळं, पण नुसती साखरच हवी तर ती मी रोज चहातून घेतेच की.

आजी विकनेस म्हणायची नाही, "अंगात त्राण नाही" म्हणायची. त्राण म्हणजे मूळ संस्कृतात रक्षण, शिरस्त्राणातलं तेच. मराठीत त्याची ताकद झाली, आणि गंमत म्हणजे हे त्राण कायम नसतंच, "माझ्यात खूप त्राण आहे" असं कोणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. दुर्बल हा शब्द सरकारी कागदावर गेला, आर्थिक दुर्बल घटक वगैरे. कमजोरी तर रेल्वेलाईनच्या भिंतींवरच्या त्या जाहिरातींनी खाल्ली, त्यामुळे पुरुष माणूस ताप येऊन गेला तरी कमजोरी आलीय म्हणायला बिचकतो, "थोडं डाऊन वाटतंय" म्हणतो.

डॉक्टरांना पण मी विकनेसच म्हणाले. तर त्यांनी विचारलं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, मूठ घट्ट आवळता येते का? येत होतं सगळं. म्हणाल्या मग हा थकवा, विकनेस म्हणजे स्नायूच जोर लावत नाहीत ते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9, बायकांना निदान 12 तरी हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे मी एकटी नाही, पण घरात याला ॲनिमिया म्हणतंय कोण.

आत्याला रिपोर्ट सांगितला तर म्हणाली, "एवढंच ना? माझं तर कायम आठच्या आसपास असतं, मला कुठे काय होतंय? दुपारी जरा पडते तेवढं, विकनेस असतो म्हणून."