मानेतून शिरलेलं गार पाणी आणि डायव्हिंगचं सामान

माझी सहावी का सातवी डाईव्ह असेल. पाणी २२ अंश, ऐकायला काही थंड वाटत नाही, घरात २२ अंश असले की आपण टी-शर्टवर आरामात बसतो. भाड्याने मिळालेला ५ मिमी जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा घट्ट रबरी सूट) घातला, चेन लागली, म्हटलं बसला. खाली पहिली पाच मिनिटं छान गेली आणि मग मी काहीतरी बघायला मान वळवली तर मानेतून गार पाण्याची धार आत शिरली आणि मणक्यावरून सरळ कमरेपर्यंत गेली, कुणी मागून तांब्याभर पाणी ओतावं तशी. मग दर वेळी मान वळवली की तेच. पंचविसाव्या मिनिटाला जबडा थरथरायला लागला, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) दातात घट्ट धरून ठेवायला लागत होता, आणि सिलिंडरमध्ये अजून १२० बार दाबाची हवा शिल्लक असताना मी बडीला, म्हणजे डाईव्हमधल्या जोडीदाराला, वर जायची खूण केली.

वर आल्यावर इन्स्ट्रक्टरने माझ्या कमरेच्या वर, पाठीच्या खोलगट भागात सूट चिमटीत धरून ओढला. त्यांची अख्खी मूठ आत मावेल एवढी पोकळी होती तिथे. म्हणाले, "अगं, हा तुझ्या मापाचाच नाहीये. तू हललीस की ही जागा पंपासारखी पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एका मैत्रिणीचा डायव्हिंगचा कोर्स नुकताच झालाय आणि तिने विचारलं की सामान काय काय घेऊ, सुरुवात कुठून करू. फोनवर पाऊण तास बोलले तरी अर्धं राहिलंच, म्हणून इथे लिहितेय, म्हणजे तिलाही पाठवता येईल आणि इतर कुणाला लागलं तर त्यांनाही.

माझं मत सरळ आहे. जे अंगाला आणि चेहऱ्याला चिकटून बसतं ते आधी स्वतःचं घ्या, म्हणजे मास्क, मग सूट, मग फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ही. रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) भाड्याचे चालतात कारण ते बऱ्यापैकी सगळ्यांना सारखेच बसतात, तुमचा चेहरा आणि तुमची पाठ मात्र दुसऱ्या कुणासारखी नसते. बरेच जण उलटं करतात, चकचकीत रेग्युलेटर आधी घेतात आणि मास्क जो हाताला लागेल तो, आणि मग प्रत्येक डाईव्हला नाकाखाली पाणी घेऊन फिरतात.

मास्कची टेस्ट दुकानात करायला एक मिनिट पुरतं पण ती नीट करा. पट्टा पुढे काचेवर उलटा टाका, म्हणजे मागे काहीच लागत नाही. केस कपाळावरून पूर्ण मागे घ्या, एक बट जरी स्कर्टखाली, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कडेखाली, अडकली तरी उगाच चांगला मास्क नापास कराल. आता मास्क चेहऱ्यावर अलगद टेकवा, दाबू नका, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि श्वास रोखून हात सोडून द्या. मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे, मान खाली घातली तरी. मग हसून बघा, कारण पाण्यात आपण हसतो आणि हसलं की गालावरच्या घड्यांमधून पाणी येतं. मग रेग्युलेटरचा माऊथपीस तोंडात धरून पुन्हा हीच टेस्ट, कारण त्याने वरचा ओठ आणि गाल दोन्ही हलतात. दुकानात माऊथपीस मागितला तर देतात, लाजायचं काही कारण नाही. शेवटी मास्क घालूनच नाक चिमटीत पकडता येतंय का बघा, कारण कान मोकळे करायला ते प्रत्येक डाईव्हला, उतरताना दर मीटर-दोन मीटरला करायचंय. हातमोजे घालणार असाल तर हातमोजे घालून.

माझ्या बडीला मिशा आहेत, त्याचा मास्क नाकाखाली कायम थोडा गळायचा आणि तो पट्टा आवळत राहायचा. पट्टा आवळला की सिलिकॉनचा स्कर्ट मुडपतो आणि गळती वाढते. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवणं एवढंच आहे, पाणी अडवायचं काम बाहेरच्या पाण्याचा दाबच करतो. त्याने मिशी नाकाखाली थोडी कापली, पट्टा सैल केला, प्रश्न बराचसा सुटला.

चष्मा असेल तर आत चष्मा घालता येत नाही, काड्यांमुळे सील तुटतं. दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या, त्यात नंबरच्या लेन्स बसवून मिळतात. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात म्हणून अगदी कमी नंबरवाल्यांचं निभावतं, माझा नंबर साडेतीन आहे, मला गेज वाचायला लेन्स लागतातच. आणि पोहायचा गॉगल घेऊन कुणी डायव्हिंगला उतरू नका, त्यात नाक बाहेर राहतं, मग आतला दाब वाढवता येत नाही आणि डोळ्यांना इजा होते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो टूथपेस्टने बोटाने घासून काढावा लागतो, नाहीतर कितीही थुंकी किंवा अँटीफॉग लावा, धुकं येणारच. काचेवर आधीच कोटिंग असेल तर मात्र घासायचं नाही, सोबतचा कागद वाचा.

आता सूट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीसएक पटीने जास्त वेगाने ओढून नेतं. म्हणून २२ अंशाची हवा सुखाची आणि २२ अंशाचं पाणी अर्ध्या तासात थरथरवणारं. बऱ्याच जणांना वाटतं की सूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाने गरम होतं आणि तेच आपल्याला उबदार ठेवतं. खरं काम निओप्रीनमधल्या, म्हणजे सूटच्या रबरातल्या, गॅसच्या बारीक बारीक बुडबुड्यांचं असतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हेच ओळखलं होतं, की कापडातच जर हवा कोंडलेली असेल तर आत थोडं पाणी आलं तरी चालतं, माणूस कोरडा राहायची गरज नाही. फक्त ते आत आलेलं पाणी तिथेच राहिलं पाहिजे, बदलत राहिलं की प्रत्येक वेळी नवीन गार पाणी तुमच्या अंगाने गरम करायचं. माझ्या पाठीवर तेच चाललं होतं.

म्हणून जाडीच्या आधी फिटिंग. सैल ७ मिमीपेक्षा नीट बसलेला ५ मिमी जास्त ऊब देतो हे मी स्वतः अनुभवलंय. ट्रायल रूममध्ये घालताना घाई करू नका, दहा मिनिटं लागतात आणि घाम येतो. पायात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवा, सर्रकन जातो, मग पिशवी काढून घ्या, हातालाही तसंच. नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवत न्या, पोटरी, गुडघा, मांडी असं करत, आणि जांघेत पूर्ण वर येईपर्यंत खांदे घालूच नका. जांघेत चार बोटं जरी सैल राहिलं तर तेवढाच सूट खांद्यावर ताणतो आणि मग वाटतं की सूट आखूड आहे.

घातल्यावर उकिडवं बसा, दोन्ही हात वर करा, पुढे मिठी मारल्यासारखे करा, मान दोन्ही बाजूंना वळवा. मग कुणालातरी कमरेच्या वर पाठीत सूट चिमटीत धरायला सांगा, काखेतही. हातात घडी आली तर तो सूट परत. उभं राहिल्यावर तो जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे कारण पाण्यात थोडा सैलावतो, पण खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, आणि गळ्याशी इतका घट्ट नको की डोकं हलकं वाटेल किंवा गुदमरल्यासारखं होईल. हे सहन करून "नंतर सैल होईल" म्हणू नका. बायकांनी बायकांच्या कटचाच सूट बघावा, पुरुषांच्या लहान साइझमध्ये छातीला आवळतं आणि कमरेत पोकळी राहते, माझा तो भाड्याचा सूट तसलाच होता.

जाडीचं साधारण असं धरा की २७-२८ अंशाच्या वर ३ मिमी किंवा त्याहून पातळ, २० ते २६ला ५ मिमी, त्याखाली ७ मिमी आणि हुड (डोक्यावरची टोपी), आणि १२-१४च्या खाली गेलात की ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणीच येऊ न देणाऱ्या सूटचा, विचार सुरू करा. पण माणसामाणसात फरक असतो, बारीक अंगाच्या, लवकर गारठणाऱ्या लोकांनी एक पायरी वरचाच घ्यावा, आणि दिवसात तीन डाईव्ह असतील तर तिसरीला थंडी हमखास जास्त वाजते. अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि निओप्रीनमधले बुडबुडे दबतात, म्हणजे वर ५ मिमी असलेला सूट खाली बराच पातळ होतो. ऊब कमी होते आणि तरंगण्याची ताकदही. जिथे पाणी जास्त थंड तिथेच सूट पातळ, म्हणून सतत खोल जाणार असाल तर तापमान वरचं न बघता खालचं बघा.

शिवण उलटी करून बघा. साध्या फ्लॅटलॉक शिवणीत सुई आरपार गेलेली असते, त्या भोकांतून पाणी झिरपतं, गरम पाण्यात काही बिघडत नाही. थंड पाण्यासाठी आधी चिकटवलेली आणि मग अर्ध्या जाडीतच शिवलेली, ब्लाइंड स्टिच म्हणतात ती, शिवण हवी. आणि हुड घ्या हो, लोक ५ मिमीवरून ७ मिमीवर जातात पण डोकं उघडं ठेवतात. मला सर्वात जास्त फरक सूटच्या आत घालायच्या हुडेड व्हेस्टने (टोपी जोडलेल्या बंडीने) पडला, मानेतून येणारी ती धारच बंद झाली.

नवा सूट आणला की खाली बुडायला कमरेच्या बेल्टवर लावतो ती वजनं पुन्हा तपासायची, जुन्या बेल्टवर विसंबू नका. नवं निओप्रीन जास्त तरंगतं, वीस-तीस डाईव्हनंतर ते जरा बसतं आणि एखादा किलो कमी लागतो. तपासणी सिलिंडर संपत आलेला असताना करा, ५० बारच्या आसपास, कारण ११ लिटरच्या सिलिंडरमधली २०० बारवरून ५० बारवर येताना वापरलेली हवाच दोन किलोच्या आसपास भरते, आणि सुरुवातीला बरोबर असलेलं वजन शेवटी ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना थोडा वेळ थांबतो तिथे) कमी पडतं.

फिन्सबद्दल थोडक्यात. बुटी (निओप्रीनचे बूट) आधी, फिन्स नंतर, कारण फिन्सचं माप बुटी घालूनच कळतं. अंगठा पुढे दाबला जात असेल तर वीस मिनिटांत गोळा येतो. फार कडक फिन्स घेऊ नका, पोटऱ्या सांगतातच. रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा मिळाला तर घ्या, हलत्या बोटीवर एका हाताने चढतो.

यानंतर मी बीसीडीच्या आधी डाईव्ह कॉम्प्युटर घेईन, म्हणजे खोली, वेळ आणि अंगात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. बडीच्या कॉम्प्युटरवर डाईव्ह करता येत नाही, तो दोन मीटर वर आणि तुम्ही खाली असाल तर तुमचा नायट्रोजन वेगळा, आणि कालच्या डाईव्हचा हिशोब तुमच्याच मनगटावर असायला हवा. आकडे मोठे हवेत, वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या वर गेला की ओरडणारा हवा, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) मोड हवा, बॅटरी स्वतः बदलता किंवा चार्ज करता यावी. सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर नंतर घेता येतो.

रेग्युलेटर घ्यायची वेळ येईल तेव्हा एवढंच बघा की त्या कंपनीची सर्व्हिस करणारा माणूस तुमच्या आवाक्यात आहे का, कारण वर्ष-दोन वर्षांनी किंवा ठराविक डाईव्हनंतर त्याला उघडावं लागतं. डिन फिटिंगचा घ्या, तो सिलिंडरमध्ये आट्यांनी बसतो आणि छोटा अडॅप्टर लावून योकच्या, म्हणजे वरून शिकंजासारखा आवळायच्या जोडणीच्या, सिलिंडरवरही चालतो. १० अंशाखालच्या पाण्यात जाणार असाल तर सील केलेली फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) लागते, नाहीतर हवा प्रसरण पावून इतकी गार होते की आत बर्फ धरतो आणि हवा सुटत राहते. धुताना डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजचं झाकण) कोरडी करून लावा आणि पर्जचं, म्हणजे माऊथपीससमोरचं हवा सोडायचं, बटण दाबू नका, त्यातून पाणी आत जातं.

सेकंडहँड सामान वाईट नसतं. फिन्स खुशाल घ्या. बीसीडी फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा, बसला असेल तर कुठेतरी गळतोय. रेग्युलेटर घेतला तर सर्व्हिसचा खर्च किमतीत धरूनच घ्या. सूट मात्र घडी घालून घडीवर बघा, बारीक चिरा दिसल्या किंवा अंगठ्याने दाबल्यावर परत वर आला नाही तर सोडून द्या, आतले बुडबुडे मेलेत, दिसायला ५ मिमी असला तरी ऊब ३ची.

हे सगळं मैत्रिणीला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे या वेळी मी फक्त मास्क घेऊ?" म्हटलं हो, आणि वेळ असेल तर सूट नुसता घालून बघून ये, चार-पाच तरी. काल तिने दुकानातल्या आरशासमोरचा फोटो पाठवला, केस मागे ओढलेले, पट्टा काचेवर उलटा, दोन्ही हात मोकळे सोडलेले, आणि मास्क चेहऱ्यावर. खाली लिहिलं होतं, आठवा मास्क.