तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूक्लिअर सायन्सच्या मास्टर्ससाठी विद्यापीठ कसं निवडावं?

‘न्यूक्लिअरमध्ये मास्टर्स करायचंय, परदेशातलं कोणतं विद्यापीठ चांगलं?’ यावर आधी उलटा प्रश्न करावा लागतो: नेमकं काय करायचंय? अणुभट्टीचं भौतिकशास्त्र, न्यूट्रॉनच्या माऱ्याने ठिसूळ होणारं पोलाद, रेडिओकेमिस्ट्री, डिटेक्टर ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि एकाच विभागात सगळी सारखीच भक्कम क्वचितच असतात. तिथल्या प्राध्यापकांचे गेल्या तीनेक वर्षांतले शोधनिबंध चाळा. रँकिंगपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

मग विद्यापीठाची स्वतःची अणुभट्टी. अमेरिकेतल्या एमआयटीची ६ मेगावॅटची आहे, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या तंत्र विद्यापीठातली ‘क्रोकस’ जेमतेम १०० वॅटची. शिकायला मात्र छोटीच बरी. इंधन तापत नाही, त्यामुळे भट्टी क्रिटिकल अवस्थेपर्यंत (जिथे साखळी अभिक्रिया स्वतःहून चालू राहते) नेणं, अभिक्रिया आवरणाऱ्या कंट्रोल रॉडचं कॅलिब्रेशन हे विद्यार्थ्यांना करता येतं. एक गोष्ट तिथे दिसत नाही: इंधन तापलं की साखळी अभिक्रिया आपोआप मंदावते ती. त्यासाठी ‘ट्रायगा’ प्रकारची संशोधन-भट्टी हवी. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात २५० किलोवॅटची आहे, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात १ मेगावॅटची. भट्टी चालवण्याच्या कन्सोलपाशी मास्टर्सच्या विद्यार्थ्याला किती तास मिळतात आणि परदेशी नागरिकाला आत सोडतात का, हे अर्ज करण्यापूर्वी ईमेलने विचारा. दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि तोच महागात पडतो.

कारण हा विषय परवानग्यांचा आहे. ब्रिटनमध्ये अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना अशा संवेदनशील विषयासाठी व्हिसाच्या आधी ‘एटास’ हे सरकारी मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. ते त्या विद्यापीठापुरतं आणि त्या कोर्सपुरतंच असतं; यातलं काही बदललं की नवा अर्ज. अमेरिकेत ऊर्जा खात्याचा ‘भाग ८१०’ नियम आहे. काही देशांच्या नागरिकांना अणुभट्टीचं ठरावीक तंत्रज्ञान कॅम्पसवर बसून दाखवणं हीसुद्धा त्यात निर्यात धरली जाते. पाठ्यपुस्तकातलं, जाहीर ज्ञान यात येत नाही. अडचण येते ती प्रबंधाच्या वेळी, काम त्याच्या पलीकडे गेलं की.

सॉफ्टवेअरचंही तसंच. एमसीएनपी या न्यूट्रॉन वगैरे कणांचा प्रवास मोजणाऱ्या संगणकीय प्रोग्रामचं (‘कोड’चं) लायसन्स प्रत्येकाला स्वतःच्या नावाने घ्यावं लागतं आणि परदेशी नागरिकाचा अर्ज लांबू शकतो. ब्रिटनचा कोर्स एक वर्षाचा, त्यात प्रबंधाला उन्हाळ्याचे जेमतेम तीनेक महिने. लायसन्सची वाट पाहण्यातच ते सरतील. म्हणून फी भरण्याआधी मार्गदर्शकाला विचारा, प्रबंध कोणत्या कोडवर होणार? ओपनएमसी हा तशाच कामाचा कोड असेल तर तो मुक्त (ओपन सोर्स) आहे, आजच उतरवून सरावाला लागता येतं.