जे हातात आलंच नाही, ते हरवलं कसं?

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी दारात येऊन आता महिना होत आला. गुडघा दुखत नाही, चालवायला मजा येते, सगळं छान आहे. तरी गाडीच्या आधीच्या मालकाला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या काउंटरवर काचेखाली ठेवलेली छापील यादी आठवली की अजून डोकं तापतं. म्हणून हे लिहून काढतेय. वापरलेली गाडी घेणाऱ्या कुणाचे तरी पाच आठवडे वाचले तर बरं.

आधी माझ्या अल्टोबद्दल सांगते. 2005 च्या गुढीपाडव्याला घेतली होती. पांढरी, एमएच-02. चाळिशीच्या तोंडावर गाडी शिकले आणि पार्ल्याहून कलिन्याच्या शाळेत स्वतः चालवत जायला लागले. जेमतेम साडेतीन महिने झाले होते आणि 26 जुलै आला. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही शिक्षक मुलांना घेऊन रात्रभर शाळेच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो आणि खाली फाटकाशी माझी नवीकोरी गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावरही मी चावी फिरवली नाही, सरळ ओढून गॅरेजला नेली. गॅरेजवाले काका म्हणाले, "बाई, स्टार्टर मारला नाहीत म्हणून इंजिन वाचलं." सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चारही सीटा काढल्या, खालचं मॅटिंग काढलं, आणि ते आठवडाभर आमच्या गच्चीवर वाळत पडलं होतं. त्यानंतर गाडी वीस वर्षं चालली. दर गणपतीला कोकणात गेली. लेकीच्या दहावीच्या, बारावीच्या परीक्षांना गेली. सासूबाईंना डायलिसिसला घेऊन आठवड्यातून तीनदा गेली. एकदाही रस्त्यात बसली नाही.

बदलायचं कारण गाडी नव्हती, माझा डावा गुडघा होता. हायवेवर पार्ले ते बोरिवली संध्याकाळी सातला जाऊन बघा, क्लच किती वेळा दाबावा लागतो ते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑटोमॅटिक घ्या नाहीतर गाडी सोडा. तरी मी वर्षभर ओढलं. शेवटी काकांनी एकदा गाडी वर घेऊन खालून दाखवली. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आत गेला. गंजाचा भुगा त्यांच्या मनगटावर पडला. "इंजिन अजून पाच वर्षं चालेल, पण बॉडी गेली," एवढंच म्हणाले. त्यात पासिंग, म्हणजे गाडीची नोंदणी, पुन्हा नवी करून घ्यावी लागणार होती, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झालंय. गंजलेल्या पत्र्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ नव्हता.

नवी गाडी पेन्शनमध्ये बसत नव्हती आणि रोजचं चालवणं आठ-दहा किलोमीटरचं. बजेट चार लाख. ओळखीतून जोगेश्वरीचा एक मुलगा भेटला. 2018 ची सेलेरिओ, एएमटी (क्लच न दाबता चालणारी ऑटोमॅटिक), एकच मालक, 41,000 किलोमीटर. ऑक्टोबरअखेर त्याला बंगळुरूला जायचं होतं. गाडी बघणं, काकांकडून तपासून घेणं, भाव ठरवणं, हे सगळं दोन रविवारांत झालं. 3,85,000 ला ठरलं.

मुंबईत वापरलेली गाडी बघताना एक गोष्ट कधीही विसरू नका, ती पाण्यात गेली होती का हे बघा. चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. पुसलेल्या गाडीतही बेल्टच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. स्टेपनी उचलून तिच्या खोबणीत हात फिरवा. सीटचे रूळ गंजलेत का बघा. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या अल्टोच्या बेल्टवर ती रेघ वीस वर्षं होती. आणि एएमटी घेत असाल तर चढावर थांबवून बघा. आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पुलावर तीनदा थांबून परत उचलली. एएमटीत क्लचचं पेडल नसतं, क्लच प्लेट असतेच, आणि ती झिजलेली असेल तर चढावर उचलताना गाडी थरथरते.

मी 25,000 टोकन दिलं. तेव्हाच आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचं नाव दिसत होतं. मी विचारलंही. तो म्हणाला, "काकू, कर्ज 2022 लाच फिटलंय." खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे खातं बंद झाल्याचा मेसेज होता. पण कर्ज फिटणं वेगळं आणि आरसीवरचा बोजा उतरणं वेगळं. आरटीओत या बोजाला (हायपोथिकेशनला) सगळे एचपी म्हणतात. एचपी उतरवायला कंपनीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते आणि फॉर्म 35 वर कंपनीचा सहीशिक्का लागतो. तो आपोआप उतरत नाही. एचपी उभा असताना कंपनीच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही.

या मुलाला एनओसी कधी मिळालीच नव्हती. कंपनीने ती जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर पाठवली होती आणि तोवर तो घर बदलून गेला होता. त्याची एवढीच चूक, की पाठपुरावा केला नाही.

आम्ही दोघं कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात गेलो. रांगेचा नंबर घेऊन दोन तास बसलो. काउंटरवरच्या मुलीने काचेखालच्या यादीवर बोट ठेवलं. डुप्लिकेट एनओसीसाठी कर्जदाराचा अर्ज, ओळखपत्र, 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, आणि एनओसी हरवल्याची पोलिसांकडची नोंद. दुसऱ्या दिवशी नोटरीकडे गेलो तर तो म्हणाला, 100 चा आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो. बरोबरच होतं त्याचं. कंपनीची यादी वर्षभर जुनी होती. 500 चा केला. परत काउंटर. आता तिथे दुसरा माणूस. म्हणाला, यादीत 100 लिहिलंय, साहेबांना विचारावं लागेल, साहेब सोमवारी येतील. सोमवारी साहेबांनी मान्य केलं, पण पोलिसांच्या नोंदीशिवाय फाइल पुढे जाणार नाही म्हणाले.

इथे माझं त्यांच्याशी वाजलं. मुंबई पोलिसांकडे हरवल्याची नोंद ऑनलाइन दहा मिनिटांत होते. तो मुलगा बसल्या जागी करायला तयार होता. मीच त्याला थांबवलं. जो कागद त्याच्या हातात कधी आलाच नाही तो "माझ्याकडून हरवला" असं पोलिसांना त्याने का लिहून द्यायचं? उद्या तो कागद कुणाकडे निघाला तर जबाबदारी याची. मी छत्तीस वर्षं शाळेत काढली, खोट्या दाखल्यांनी मुलांच्या आयुष्यात काय होतं ते पाहिलंय. साहेब म्हणाले, "मॅडम, सगळे देतात, फॉरमॅलिटी आहे." मी म्हटलं, मला तुमचं जावक रजिस्टर दाखवा. एनओसी कोणत्या तारखेला, कोणत्या स्पीड पोस्टने गेली ते तरी सांगा.

तीन आठवडे हेच चाललं. जावक मुख्य ऑफिसात असतं म्हणाले. मुख्य ऑफिसचा फोन कस्टमर केअरला जायचा. कस्टमर केअरवाले म्हणायचे, शाखेत जा. मी प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते वहीत लिहायला लागले. प्रत्येक भेटीनंतर कंपनीच्या तक्रार विभागाला त्या मुलाच्या नावाने ईमेल, आणि खाली आधीच्या सगळ्या ईमेलची साखळी. दसऱ्याला गाडी आणायची ठरवली होती, दसरा गेला. त्या मुलाची बंगळुरूची तारीख जवळ येत होती. तो एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, टोकन परत घ्या, दुसरी गाडी बघा." मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या सकाळी मीही तोच विचार करत होते.

पाचव्या आठवड्यात तक्रार विभागातून एका बाईंचा फोन आला. एकच प्रश्न विचारला, "परत आलेली पाकिटं शाखेत कुठे ठेवतात ते विचारलंत का?" मी दुसऱ्याच दिवशी गेले. शिपायाने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून रबर लावलेले गठ्ठे काढले, 2022 चा सुटा केला, आणि अकराव्या की बाराव्या पाकिटावर त्या मुलाचं नाव. वर पोस्टमनच्या अक्षरात "घर सोडून गेले". पाकीट उघडलेलंही नव्हतं. आम्ही ज्या काउंटरपुढे पाच आठवडे उभे होतो, त्याच्यापासून ते कपाट वीस पावलांवर होतं.

साहेबांनी माफी मागितली नाही. पण हरवल्याच्या नोंदीचा विषय तिथेच संपला. जुनी एनओसी तीन महिन्यांच्या मुदतीची होती, त्यामुळे तिचा उपयोग नव्हता, नवी काढून दिली. मी ती काउंटरवरच आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचली. चेसिस नंबरात शेवटून दुसरा आकडा चुकला होता. त्यांना तो तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावला. घरी येऊन बघितलं असतं तर आणखी दोन चकरा. एनओसी, फॉर्म 35 च्या दोन्ही प्रती, सगळीकडे नाव, गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन, काउंटर सोडायच्या आधी जुळवा. मागे उभे असलेले लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या.

आरटीओचं काम सुरळीत झालं. गाडी नावावर करण्याचे फॉर्म 29, 30 आणि एचपी उतरवणं एकत्रच टाकलं, पैसे ऑनलाइन भरले, अंधेरीच्या ऑफिसात कागद दिले, आरसी पोस्टाने घरी आली. त्या मुलाने 29 वर सही केली तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, बंगळुरूला घर बदललंस की पत्ता कळवत जा. भाऊबीजेला गाडी घरी आली.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. टोकन देण्याआधी आरसीवर आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर फायनान्सरचं नाव आहे का बघा आणि असेल तर एनओसीचा मूळ कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मी दिला, तुम्ही देऊ नका. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागलेली हवी, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. विकणाऱ्याच्या विम्यातला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो. तुमचा तुम्ही आणू शकता. 26 जुलैनंतर मी अल्टोचा पूर्ण विमा कधी सोडला नव्हता, म्हणून माझा 50 टक्के बोनस होता. जुनी गाडी गेल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं आणि सेलेरिओला लावलं. विमा नावावर करण्याचा अर्ज गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत द्या.

अल्टो मी अधिकृत स्क्रॅप केंद्राला दिली. एका दलालाने तीन हजार जास्त सांगितले होते, पण तो आरसी नावावर करून घेणार नव्हता. आपल्या नावावरची गाडी अशी सोडायची नाही. केंद्राकडून डिपॉझिटचं, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचं, प्रमाणपत्र मिळालं आणि वाहन पोर्टलवर नोंदणी रद्द झालेली दिसली, तेव्हा मी शांत झाले. त्या प्रमाणपत्रावर करात सवलत मिळते ती नवी गाडी घेणाऱ्याला, वापरलेली घेणाऱ्याला नाही. मला 17,500 मिळाले.

आणि फास्टॅग. गाडी देण्याआधी तो बंद करा आणि काचेवरून काढा. अल्टो न्यायला आलेली स्क्रॅप केंद्राची मुलं खाली थांबली होती आणि मी आत बसून ब्लेडने तो खरवडत होते. निघताना त्याचे तुकडे होतात. वरचा कोपरा सुटला तेव्हा खाली शाळेच्या पार्किंगचा जुना स्टिकर निघाला, कलिन्याचा, निळ्या अक्षरांतला. त्याच्यावर ब्लेड चालवलं नाही. तो तसाच काचेवर गेला.