पिशाच्चालाही नियम पाळावे लागतात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "एवढे वाचता, मग भुताखेतांची, खुनाबिनाची आणि जादूगारांची पुस्तके अजून कशी सुटत नाहीत?" हा प्रश्न मला मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात, कचेरीत आणि लग्नकार्याच्या पंगतीतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांचा समज बहुधा असा असतो की या पुस्तकांत काहीही घडू शकते, त्यामुळे ती लिहिणे सोपे आणि वाचणे त्याहून सोपे. माझे मत नेमके उलटे आहे. ज्या लेखकाला काहीही घडवण्याची मुभा असते, त्यालाच नियमांची गरज सर्वांत जास्त पडते. आणि ते नियम तो कसे आखतो, कसे पाळतो, हे पाहण्याच्या ओढीनेच मी ही पुस्तके उघडते.

आपल्या सर्वांच्या परिचयाची वेताळ पंचविशीच घ्या. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातही ती आहे. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचे. तो बोलला की प्रेत परत झाडावर. नियम एवढाच असता, तर गप्प राहून राजाने पहिल्याच खेपेला काम उरकले असते. पण वेताळ त्याला दुसरी अट जोडतो: उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास, तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. दोन्ही अटी एकत्र आल्या की राजाची कोंडी होते, आणि जो राजा जितका शहाणा, तितका तो जास्त अडकतो. चोवीस वेळा त्याला बोलावे लागते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याला सुचत नाही, म्हणून तो गप्प राहू शकतो आणि फेऱ्यांतून सुटतो. प्रेत बोलते ही गोष्ट आपण दोन ओळींत स्वीकारलेली असते. त्यानंतरची सगळी उत्कंठा शुद्ध तर्काची आहे.

हाच गुण मला 1897 साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅक्युला'त दिसतो आणि म्हणून ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचते. ब्रॅम स्टोकरने ती कादंबरी दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांतून रचली आहे. जवळजवळ प्रत्येक प्रमुख पात्राला आपली बाजू मांडायला मिळते, फक्त ज्याच्याभोवती सगळे फिरते त्या रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाची दैनंदिनी कुठेच नाही, आणि त्यामुळे तो सतत दुसऱ्याच्या नजरेतून, अर्धवट, दिसत राहतो. त्याला घरात शिरायला आधी आमंत्रण लागते आणि निजायला मायदेशाची माती लागते. त्या मातीच्या पन्नास पेट्या तो इंग्लंडला नेतो, आणि कादंबरीच्या उत्तरार्धात भयकथेचा चक्क हिशेब होतो: एकोणपन्नास पेट्या निकामी झाल्या, एक शिल्लक आहे, ती कुठे आहे? लंडनला निघण्याआधी हा काउंट कोचावर पडून रेल्वेचे वेळापत्रक वाचताना आढळतो, हा प्रसंग तर मुंबईच्या माणसाला विशेष जवळचा वाटावा.

मराठीत भयकथेची परंपरा रुजवणाऱ्या नारायण धारपांपुढे आणखी एक अडचण होती. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या पिशाच्चांवरच्या कादंबरीवर आधारलेली आहे. परदेशी पिशाच्चाला पळवून लावणारा क्रूस आपल्या बहुतेक देवघरांत नसतो. त्यामुळे असे कथानक इकडे आणायचे, तर नुसती गावांची आणि माणसांची नावे बदलून भागत नाही, श्रद्धेची सगळी व्यवस्था नव्याने मांडावी लागते. दुष्ट शक्तींना नमवणारे समर्थ हे पात्र असलेल्या धारपांच्या 'समर्थ' कथांचे चाहते पुष्कळ आहेत, परंतु मला त्यांच्या समर्थांविना असलेल्या कथा अधिक आवडतात, कारण तारणहार पहिल्या पानापासून ठाऊक असला की भीतीला मुदत ठरून जाते. या मतावरून माझे घरातही वाद झाले आहेत.

मुंबईची अडचण निराळीच. ओसाड वाडा, आडवाटेची विहीर, पारावरचा मुंजा हे सगळे कोकणात शोभते; दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे निजत असतील, तर भुताने उभे राहायचे कुठे? रत्नाकर मतकरींनी या प्रश्नाचे उत्तर गूढकथेत शोधले, असे मला वाटते. बँकेतली नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या या लेखकाने भीती बाहेरून आणण्याऐवजी पुष्कळदा नात्यांतून आणि माणसाच्या मनातून वर काढली. शेजारी दार वाजवण्याइतका जवळ असूनही त्याला काही सांगता येत नाही, ही भीती मोकळ्या माळावर निर्माणच होणार नाही.

थरारकथांविषयी थोडक्यात सांगते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून झुंजार आणि काळा पहाड हे नायक घरोघरी पोचवले; त्यांत नियम एकच, वेग थांबता कामा नये. आजच्या जाडजूड थरारकथांबद्दल माझी तक्रार मात्र आहे. ज्या पात्राच्या मनात लेखक आपल्याला दोनशे पाने बसवतो, त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट जर केवळ आपल्यापासून दडवली असेल, तर ती फसवणूक समजून मी पुस्तक मिटते. अद्भुत कादंबरीत शेवटच्या प्रकरणात नायकाला अचानक नवी शक्ती सापडली, तरी तेच करते. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी पाहा: ती घातली की माणूस अदृश्य होतो, पण ज्या शत्रूपासून लपायचे, त्याला तो अधिक सहज सापडतो. शक्तीबरोबर तिची किंमतही आधीच सांगून टाकलेली असते.

यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सुरुवात कुठून करावी? अनेक खंडांच्या मालिकेला तरी आधी हात घालू नका. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळा, मतकरींचा एखादा गूढकथासंग्रह मिळाला तर घ्या, आणि रोजच्या प्रवासात एक कथा अशा बेताने वाचा. मग 'ड्रॅक्युला' घ्या, पण संक्षिप्त रूपांतर नको. त्यात पत्रे आणि तारखा गळाल्या की पेट्यांचा हिशेबही गळतो.