पडण्याआधी सोडणं: तीन चेंडूंची चाचणी

जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पोचतात का, हे तपासायला बहुतेक जण गच्चीवरून दोन हातांतल्या दोन वस्तू सोडतात आणि "आवाज एकच आला" किंवा "दगड आधी पडला" असं सांगून मोकळे होतात. दोन्ही निष्कर्षांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण हाताची चूक किती होती हे कुणी मोजलेलंच नसतं.

३ मीटरवरून वस्तू ०.७८ सेकंदात खाली येते आणि टेकताना तिचा वेग सेकंदाला ७.७ मीटर असतो. हात सुटण्यात ०.०२ सेकंदाचा फरक पडला, तरी शेवटी दोन वस्तूंमध्ये १५ सेंटिमीटरचं अंतर दिसतं. शिवाय जड वस्तू हात घट्ट धरतो, म्हणून ती किंचित उशिरा सुटते. हलकी वस्तू सुरुवातीला पुढे जाते असं गॅलिलिओने तरुणपणी लिहून ठेवलं होतं. त्याचं कारण बहुधा हेच. म्हणून सगळी मेहनत वस्तू सोडण्यावर घ्यायची.

४५ सेंटिमीटर लांब, सारख्या जाडीची फळी घ्या. तिचं एक टोक ३ मीटर उंचीवर बिजागरीने भिंतीला लावा. बिजागरी, स्क्रू, वायसर सगळं नागपुरात इतवारी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दुसरं टोक मधोमध सुती दोऱ्याने वरच्या खिळ्याला बांधा, फळी आडवी सपाट ठेवा. दोरा काडीने जाळला की फळी खाली झुलते. अशा फळीचा बिजागरीपासून दोन तृतीयांशापलीकडचा भाग, म्हणजे इथे ३० सेंटिमीटरच्या पुढचा, मोकळ्या पडणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त त्वरणाने खाली जातो. चेंडू ४० सेंटिमीटरवर ठेवले तर त्यांच्या खालून फळी निघून जाते आणि दोन्ही चेंडू एकाच क्षणी मोकळे होतात. २० सेंटिमीटरवर ठेवले तर ते फळीवरच टेकून राहतात आणि चाचणी फुकट जाते. घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकाखाली रबरी वायसर चिकटवा, बिजागरीला तेल द्या, आणि फळी भिंतीवर आपटते तिथे स्पंज लावा. फळीवर टेकलेल्या चेंडूंचे तळ आपोआप एका पातळीत येतात. हातात धरताना लोक वरचे भाग जुळवतात, आणि मग मोठा चेंडू काही सेंटिमीटर आधीच खाली असतो.

चेंडू तीन लागतात: लेदरचा क्रिकेट चेंडू (सुमारे १६० ग्रॅम), टेबल टेनिसचा रिकामा चेंडू (४० मिलिमीटर, २.७ ग्रॅम), आणि तसलाच एक पाण्याने भरलेला. भरायला तापलेल्या सुईने दोन भोकं पाडा, एकातून सिरिंजने पाणी, दुसऱ्यातून हवा बाहेर. मग भोकं एम-सीलने बंद करा. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरतं. हा चेंडू शिवणीवर फुटतो, दोन-तीन जास्तीचे भरून ठेवा.

जागा म्हणून जिन्याचा बंद चौक उत्तम. पंखा आणि कूलर बंद हवेत, कूलरचा झोत रिकाम्या चेंडूला सरळ बाजूला ढकलतो. खाली दोन पालथी स्टीलची ताटं ठेवा, दोन्हींपासून सारख्या अंतरावर मोबाइलचा रेकॉर्डर, आणि ध्वनीचा आलेख संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजा. १५८६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने दसपट वजनाचा फरक असलेले दोन शिशाचे गोळे ३० फुटांवरून फळीवर टाकले, तेव्हाही निवाडा ठोक्याच्या आवाजावरच केला होता.

रिकामा चेंडू क्रिकेट चेंडूच्या साधारण ४० मिलिसेकंद मागे पडायला हवा, म्हणजे क्रिकेट चेंडू टेकतो तेव्हा तो जवळपास पाव मीटर वर असतो. पण पाणी भरलेला चेंडू, आकार तोच, पृष्ठभाग तोच, तो क्रिकेट चेंडूपासून जेमतेम १ मिलिसेकंद मागे राहतो. वजनात साडेचार पटींचा फरक असूनही! सगळ्या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी जोडी हीच. रिकाम्या आणि भरलेल्या चेंडूवर त्याच वेगाला हवेचा रोध तेवढाच असतो, फक्त २.७ ग्रॅमला तो जास्त अडवतो. नागपुरात हे ऋतूनुसारही बदलतं: मे महिन्यातल्या दुपारची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते, त्यामुळे रिकाम्या चेंडूची पिछेहाट साधारण ५ मिलिसेकंदांनी कमी होते. तापमान वहीत लिहा.

पुस्तकावर कागद ठेवून सोडण्याचा प्रयोग शाळांत चालतो. दाखवायला ठीक, पुरावा म्हणून कमकुवत, कारण पुस्तकामागची हवा कागदाला सोबत ओढते.

प्रत्येक जोडी पाच वेळा डावी-उजवी आणि पाच वेळा अदलाबदल करून टाका. फळी तिरकी असेल तर ती चूक सरासरीत निघून जाते. उंची वाढवण्याच्या मोहात पडू नका, १० मीटरवर रिकामा चेंडू पाव सेकंदाहून जास्त मागे राहतो. निकाल लिहिताना "सारखे पडले" एवढंच लिहू नका. मोजमापाची अनिश्चितता २ मिलिसेकंद असेल, तर दोन्ही त्वरणं सुमारे अर्ध्या टक्क्याच्या आत सारखी, एवढंच आपण सांगू शकतो. २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटेनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंसाठी हीच मर्यादा १० च्या उणे १५ व्या घातापर्यंत नेली.