रात्री पावणेतीनची साखर

सांगलीतल्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. बसते म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाशी, डॉक्टरांच्या खोलीतून ‘यांना जरा डाएट सांगा’ म्हणून कोण येतंय याची वाट बघत. पेशंट खोटं बोलतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं, मापं वेगळी असतात. ‘दोन भाकरी’ म्हणजे किती, हे घेर हाताने दाखवायला लावल्याशिवाय कळत नाही. आणि चहाबरोबरची खारी कुणीच मोजत नाही.

मावशी कृष्णाकाठच्या गावातल्या, पंचावन्नच्या आसपासच्या. चार वर्षं येतायत. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी, टक्क्यांत) साडेसातच्या आगेमागे, ऑक्टोबरात साडेनऊच्या वर. दरवर्षी हेच. कारण मी कधीच ठरवून टाकलं होतं: आधी गणपतीचे मोदक, मग नवरात्राचा साबुदाणा आणि रताळी. त्यावरून मी त्यांना तीन वर्षं बोलले. त्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. डॉक्टरांनी फाइलवर ‘पथ्य पाळत नाहीत’ असा शेरा मारला आणि गोळी वाढवली.

गेल्या वर्षी पायाच्या जखमेसाठी त्या जुलैअखेरीस आल्या. त्या वेळची साखर २९०. मोदकांना अजून महिना होता.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. साखर रक्तातल्या तांबड्या पेशीला चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तर ती ‘तीन महिन्यांची साखर’. ऑक्टोबरचा आकडा पावसाळ्यातले महिनेही सांगत असतो. हे मी रोज दहा जणांना समजावते.

‘मशीन आणलंय का?’ विचारलं. आणलं होतं. बहुतेकांच्या ग्लुकोमीटरचं घड्याळ दुकानातून आलं तसंच भलतीच वेळ दाखवत असतं. मावशींचं बरोबर होतं, नातवाने लावून दिलेलं. मी मेमरी उघडून मागे मागे जात राहिले. रात्री २.४७ ला २२६. दुसऱ्या दिवशी २.३५ ला २४१. मग ३.०५ ला २०८.

‘मावशी, रात्री तीनला कशाला तपासता?’

‘साखर उतरती न्हवं. घाम फुटतोय, हात थरथरतात, छातीत धडधडतंय. मग तीन चमचे साखर खाते. तुमीच लिवलंय की कागदावर.’

मीच लिहिलं होतं. साखर उतरवणाऱ्या ज्या गोळ्या त्या घेतात, त्यांनी ती कधीकधी फार खाली जाते. म्हणून प्रत्येकाला देते त्या कागदावर ठळक अक्षरात आहे: घाम, थरथर, धडधड झाल्यास तीन चमचे साखर. ‘आधी आकडा बघा, ७० च्या खाली असेल तरच’ हे त्याखाली, बारीक अक्षरात. त्या टोचायच्या, पण चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही. सकाळी नातू बघायचा आणि म्हणायचा, साखर खाल्ल्यावरची असेल. साखर खाऊनही धडधड थांबली नाही की उशाशी ठेवलेल्या डब्यातलं भडंग, मग शेंगदाण्याचा लाडू.

माणूस घाबरतो तेव्हाही घाम, थरथर, धडधड हेच होतं. साखर उतरली तरी ॲड्रेनलिन हे संप्रेरक, भीती वाटली तरी तेच. दोन्हीकडे ते यकृताला साखर सोडायला लावतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक त्यात भर घालतं. फरक इतकाच की भीतीत साखर मुळात उतरलेली नसते. म्हणजे आकडा आधीच चढलेला, आणि त्यावर माझे तीन चमचे.

‘कधी होतं असं?’

‘पत्र्यावर पाऊस वाजाय लागला की. मोबाइलवर येतंयच, कोयनेतनं इतकं सोडलं, आयर्विनला इतकं फूट.’

मग २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. मावशी दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर होत्या. बोटीतून आलेली भडंगाची पाकिटं आठ जणांत. खाली गोठ्यात म्हस.

‘दावं सोडायचं राहिलं बघा,’ त्या म्हणाल्या. ‘रातच्याला हंबरत हुती. तीनच्या सुमाराला गप झाली.’

हे सांगताना त्या ओच्याचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मी डॉक्टरांना सांगायला गेले. बाहेर चाळीस पेशंट. ‘अहो, पूर तर सगळ्यांनाच आला होता,’ म्हणाले. वाईट माणूस नाही. पण केसपेपरवर गरोदर असेल तर कितवा महिना, किती गोळ्या, घरात कुणाला शुगर, सगळे रकाने आहेत, आणि नदीकाठच्या दवाखान्यात पुराचा एक नाही. मानसोपचाराचं मीच सुचवलं तर मावशी म्हणाल्या, ‘मी काय येडी हाय का?’ टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर कागदावर लिहून दिला. लावला नसणार.

अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. फेलिटी यांच्या वजन घटवण्याच्या केंद्रात, वजन नीट उतरत असलेलेच लोक १९८० च्या दशकात मधेच सोडून जात होते. विचारपूस केल्यावर कित्येकांच्या बालपणातले अत्याचार पुढे आले. त्यातून बालपणीचे आघात आणि पुढचे आजार यांवर १७ हजारांवर लोकांचा अभ्यास उभा राहिला, त्याचा पहिला भाग १९९८ मध्ये छापून आला. तो बालपणाबद्दल आहे, मावशींवर जसाच्या तसा लावणार नाही. पण त्यांनी निदान विचारलं तरी. मी मोदक धरून बसले होते.

आता कागदावर आकड्याची ओळ वर घेतली आहे, मोठ्या अक्षरात. मावशींच्या उशाशी चष्मा ठेवायला सांगितला. ऑक्टोबरात तीन महिन्यांची साखर ८.६ आली. डॉक्टर खूश.

‘रात्रीची साखर बंद केली ना?’ मी विचारलं.

‘केली की. आकडा बघते. दोनशेच्या वर असला की खात न्हाई.’

‘मग काय करता?’

‘बसते. उजाडूस्तवर.’

मी फाइलमध्ये लिहिलं: रात्रीचं खाणं, नाही.